आधी कानात बसलेले संगीत: फोंडा तालुक्यातील एका पार्श्वसंगीतकाराचे प्रकरण

प्रकरणाची ओळख

हे प्रकरण गोव्यात राहून चित्रपटांना पार्श्वसंगीत देणाऱ्या एका संगीतकाराचे आहे. त्या कामात मी ध्वनिमुद्रक होतो, आणि संगीत कुठे किती वाजले याचे कागदही माझ्याकडेच होते. म्हणून जे लिहीत आहे ते बहुतांशी माझ्या डोळ्यांसमोर घडलेले आहे. संबंधितांची ओळख पटू नये यासाठी चित्रपटाचे नाव, गावाचे नाव आणि रकमा वगळल्या आहेत. संगीतकाराला मी संगीतकारच म्हणेन. पार्श्वसंगीताविषयी बोलताना आपल्याकडे प्रतिभा, प्रेरणा आणि चाली यांच्यावर भर दिला जातो. या प्रकरणात मात्र निर्णायक ठरलेल्या बहुतेक गोष्टी पहिला स्वर लिहिण्याच्या आधीच ठरून गेल्या होत्या, आणि त्यातल्या काही चुकीच्या ठरल्या होत्या.

पार्श्वभूमी

संगीतकाराचा जन्म फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाच्या गावातला. घरात बोलणे कोकणी, पण भजन, कीर्तन, जत्रेतले नाटक आणि वडिलांची पदांची वही हे सगळे मराठी, असे त्या भागातील कितीतरी घरांत असते तसेच वातावरण. ज्या तालुक्यातील मंगेशीशी दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी यांची नावे जोडलेली आहेत, तेथे मुलाने पेटीवर बसणे ही कौतुकाची नव्हे, रोजचीच गोष्ट होती. वडील भजनी मंडळात पेटी वाजवत आणि चतुर्थीच्या दिवसांत घरोघरच्या आरत्यांना मुलाला सोबत नेत. पुढे त्याने पणजीच्या कला अकादमीत हिंदुस्थानी गायनाचे शिक्षण घेतले, आणि त्याच वर्षांत मडगावच्या एका व्हायोलिन शिक्षकांकडे पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला आणि लिहायला शिकला.

हे दुसरे शिक्षण गोव्यात सहज मिळू शकते, त्यामागे मोठा इतिहास आहे. पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सारेगम, आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्या शाळांतून तयार झालेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ उभा केला. प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू असलेले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, किंवा शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षे संगीत संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा, ही त्यांतली माहीत असलेली नावे. ज्यांची नावे पडद्यावर कधी आलीच नाहीत, असे वादक कितीतरी अधिक. हा तपशील येथे मुद्दाम नोंदवत आहे, कारण नाव आणि वाटा यांचा प्रश्न या प्रकरणात पुन्हा, आणि आमच्याच हातून, उभा राहिला.

शिक्षण संपल्यावर संगीतकार मुंबईला गेला आणि आठ वर्षे दैनंदिन मालिकांच्या एका संगीतकाराकडे सहायक म्हणून राहिला. दैनंदिन मालिकेत प्रत्येक प्रसंगासाठी वेगळे संगीत करायला वेळ नसतो. त्यामुळे आधीच एक म्युझिक बँक तयार केली जाते: दुःखाचे, संशयाचे, सुनेच्या आगमनाचे असे अर्ध्या मिनिटाचे, एका मिनिटाचे तुकडे, आणि संकलक त्यांतून उचलून लावतो. या कामात हात विलक्षण चालू लागतो. त्याने आठ वर्षांत असे शेकडो तुकडे केले, पण एकाही मालिकेच्या नामावलीत त्याचे नाव नव्हते आणि एकाही करारावर त्याची सही नव्हती. झटपट काम करायला तो तेथे शिकला, करार वाचायला मात्र त्याला कोणी शिकवले नाही.

वडिलांच्या आजारपणामुळे तो अडतिसाव्या वर्षी गोव्यात परतला. जुन्या घराच्या माडीवर गाद्या आणि जाड पडदे लावून त्याने लहानसा स्टुडिओ केला. जाहिराती, चतुर्थीच्या सुमारास निघणारी भक्तिगीते, नाट्यस्पर्धेतल्या नाटकांचे संगीत, एखादा माहितीपट यांवर घर चालत होते. अशा वेळी पुण्याच्या एका तरुण दिग्दर्शकाचा मराठी चित्रपट त्याच्याकडे आला. कथा गोव्यातली होती: दोन भाऊ, वडिलोपार्जित घराची वाटणी, आणि वाटणीनंतरची पहिली चतुर्थी. चित्रपटाचा शेवट माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या मंडपीखाली, आरती चालू असताना घडतो. संगीतकाराने पटकथा एका रात्रीत वाचून काढली आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करून सांगितले, हे माझ्या घरातलेच आहे.

समस्या

अडचणी तीन होत्या आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

पहिली पॅकेजची. निर्मात्यांनी एकच रक्कम सांगितली. संगीतकाराचे मानधन, वादकांचे पैसे, स्टुडिओचे भाडे, माझे काम आणि अंतिम मिश्रणासाठी वाद्यगट वेगवेगळे करून देणे, हे सगळे त्यातच. मुदत सात आठवडे. ही पद्धत आता सर्रास आहे, आणि निर्मात्याच्या बाजूने पाहिले तर समजण्यासारखीही आहे, कारण त्याला खर्चाचा शेवटचा आकडा आधी हवा असतो. पण या व्यवस्थेत बोलावलेला प्रत्येक वादक संगीतकाराच्या स्वतःच्या खिशातून येतो. चार व्हायोलिनवाल्यांऐवजी संगणकावरचे तयार ध्वनी वापरावेत असा मोह त्याला रोज होतो, आणि तो मोह कुठल्याही सांगीतिक कारणाने झालेला नसतो.

दुसरी अडचण टेम्प ट्रॅकची. संकलन चालू असताना दृश्याला गती यावी म्हणून संकलक दुसऱ्या चित्रपटांचे तयार संगीत तात्पुरते लावतो. दिग्दर्शक तो प्रसंग त्या संगीतासह शेकडो वेळा पाहतो, आणि महिन्याभरात ते संगीत त्याला त्या प्रसंगाचेच वाटू लागते. आमच्याकडे आलेल्या प्रतीत जवळजवळ सगळीकडे एका परदेशी चित्रपटाचे संथ तंतुवाद्यांचे संगीत होते. त्याहून कठीण गोष्ट आम्हाला तिसऱ्या दिवशी कळली. शेवटच्या प्रसंगाचे कट मोजले, तेव्हा ते बहुतेक सगळे साधारण बावीस फ्रेमच्या पटीत पडत होते. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ही मिनिटाला ६६ ठोक्यांची लय होते, आणि टेम्प ट्रॅकची लय तीच होती. म्हणजे उसने संगीत पुसून टाकले तरी त्याची चाल चित्राच्या कापणीतच शिल्लक राहणार होती. माटोळीखालच्या आरतीला परक्या तंतुवाद्यांची पावले घातलेली होती.

तिसरी अडचण कराराची. मसुद्यात संगीताचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, सर्व जगात, कायमचे निर्मात्याकडे, आणि संगीतकाराचा पुढील कोणताही दावा नाही, असे एक वाक्य होते. संगीतकाराने ते वाचले होते, पण सगळीकडे असेच असते असे समजून सही करण्याच्या तो बेतात होता.

पॅकेज स्वीकारतानाचा निर्णय

तीन पर्याय होते. पॅकेज जसेच्या तसे घ्यावे, पॅकेज घेऊन आत खर्चाची फोड लिहून मागावी, किंवा मानधन वेगळे आणि वादनखर्च निर्मात्याकडे असा आग्रह धरावा. तिसरा पर्याय त्याच्या स्थितीतल्या माणसाला अवघड होता, कारण हा त्याचा पहिलाच मोठा चित्रपट होता आणि मुंबईत ते काम करायला तयार असलेले दहा जण होते. दुसरा पर्याय मात्र शक्य होता. तंतुवाद्यांचे किती तास, लोकवाद्यांचे किती, आणि चित्र कायम झाल्यावर, म्हणजे संकलन पक्के ठरल्यावर, ते बदलले तर फेरकामाचे किती, एवढ्या तीन ओळी लिहून घेतल्या असत्या तरी पुरे होते. त्याने पहिला पर्याय घेतला. मीही तेव्हा काही बोललो नाही, कारण माझे पैसे ठरले होते आणि बाकीचे त्याचे आहे असे मी मानले. ते मानणे चुकीचे होते, कारण पुढे वादक कमी पडले तेव्हा त्या कमतरतेचे ध्वनिमुद्रण मीच करत होतो.

टेम्प ट्रॅकशी झुंज

टेम्प ट्रॅकपुढे काय करावे याबद्दल आम्ही एक संध्याकाळ बोललो. त्या संगीताच्या अगदी जवळचे काहीतरी करून द्यावे, हा सुरक्षित मार्ग होता. टेम्प ट्रॅक ऐकण्यासच नकार देऊन मूक प्रत मागावी, हा स्वाभिमानाचा मार्ग होता. संगीत कुठे सुरू होते, कुठे थांबते, कुठे दाट होते आणि कुठे एकटे पडते एवढेच टेम्प ट्रॅकवरून टिपून घ्यावे, आणि स्वर, वाद्ये व लय आपली ठेवावी, असाही एक मधला मार्ग होता. दिग्दर्शकाला आपल्या प्रसंगाकडून काय हवे आहे ते त्या उसन्या संगीतातून कळते, म्हणून ते अजिबात न ऐकणे हे मला तोट्याचे वाटत होते. संगीतकारालाही मधला मार्ग पटला.

प्रत्यक्षात पहिले दहा दिवस त्याने सुरक्षित मार्ग धरला. मालिकांनी लावलेली सवय, मुदतीची धास्ती आणि दिग्दर्शकाचे प्रेमळ आर्जव, ही तिन्ही कारणे होती. दिग्दर्शक त्याला दादा म्हणत असे आणि प्रत्येक फोनवर एकच सांगत असे, "दादा, तो जो फील आहे ना, तेवढा सांभाळा." पहिले सहा तुकडे गेले आणि सहाही पसंत पडले. शेवटच्या प्रसंगाचे संगीत ऐकून दिग्दर्शक रडला, असे त्याने स्वतः कळवले. त्या दिवशी संगीतकार आनंदात असायला हवा होता. तो माडीवर येऊन नुसता बसून राहिला.

चौथ्या आठवड्यात वितरकांच्या कायदेविषयक सल्लागाराकडून एक घोषणापत्र आले. चित्रपट पुढे ओटीटीवर जाणार असल्याने प्रत्येक संगीततुकडा मूळ आहे आणि दुसऱ्या कोणत्याही कृतीची नक्कल नाही, असे संगीतकाराने सहीनिशी लिहून द्यायचे होते. तो कागद घेऊन तो माझ्याकडे आला. आम्ही टेम्प ट्रॅक आणि त्याचा तुकडा एकामागोमाग एक लावले. पट्टी बदललेली होती, मधला भाग वेगळा होता, पण सुरुवातीची चार स्वरांची आकृती आणि खालच्या स्वरसंगतींचा क्रम तोच होता. मी काही बोलण्याआधीच त्याने म्हटले, की ही सही मी करू शकत नाही.

माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण होता. गप्प राहून सही करता आली असती. कदाचित कोणालाही काही कळले नसते. दुसरा मार्ग म्हणजे त्या तुकड्यात दोन-चार स्वर हलवून नक्कल झाकणे. मालिकांच्या दिवसांत त्याने हे कित्येकदा केले होते आणि ते त्याला अर्ध्या तासात जमले असते. त्याने दिग्दर्शकाला फोन करून सरळ सांगितले, की तुम्हाला आवडलेले संगीत माझे नाही, तुमच्या संगणकात आधीपासून असलेलेच मी परत केले आहे, आणि मला तो प्रसंग संगीताशिवाय एकदा पाहू द्या. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग दिग्दर्शकाने मूक प्रत पाठवली. हाच फोन पहिल्या आठवड्यात झाला असता तर अठरा दिवस वाचले असते, आणि मूक प्रत मागणे हा आपला अधिकार आहे, त्यात उद्धटपणा नाही, हे त्याला तेव्हाच ठाऊक असायला हवे होते.

मूक प्रत पाहताना पहिल्यांदा खरा आवाज ऐकू आला. चित्रीकरणाच्या वेळी शेजारच्या कोण्या घरात आरती चालू असावी, कारण संवादांच्या मागे, अगदी पुसट, घुमटांचा आवाज होता.

सभामंडपातली रात्र

घुमट म्हणजे दोन्ही बाजूंना तोंडे असलेले मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवलेले असते आणि लहान तोंड उघडे असते. उजवा हात कातड्यावर पडतो आणि डावा तळवा लहान तोंड झाकत-उघडत आवाजाचा आकार बदलतो, त्यामुळे एकाच थापेतून खोल, दाबलेला आणि उसळणारा असे आवाज निघतात. पूर्वी हे कातडे घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि आता बकऱ्याचे कातडे वापरतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. सोबतीला काठ्यांनी वाजवायची शामेळ आणि कांसाळी, म्हणजे काशाचे टाळ, असतात.

येथेही पर्याय होते. घुमटाचे तयार ध्वनी संगणकावर मिळतात आणि त्यांना खर्च नाही. एक वादक बोलावून त्याच्याकडून चार वेळा वाजवून घेता आले असते. संगीतकाराने आपल्याच गावातले आठ जणांचे आरती मंडळ घ्यायचे ठरवले: चार घुमटे, एक शामेळ, दोन कांसाळी आणि आरती धरणारे सत्तरीचे एक आजोबा. त्यांना माडीवर आणण्यापेक्षा आपणच देवळाच्या सभामंडपात जावे असा आग्रह मी धरला, कारण गाद्या लावलेल्या खोलीत आठ माणसांचा एकमेकांशी लागणारा सूर मरतो, असा माझा अनुभव होता.

श्रावणातली रात्र होती. चतुर्थीच्या आधीचा त्यांचा सराव चालूच असे, त्यामुळे बोलावणे कोणाला जड गेले नाही. दहा वाजता आम्ही पंखे बंद केले, बाजूच्या खोलीतला फ्रीज बंद केला आणि चार मायक्रोफोन लावले. पण कौलांवर पाऊस उतरला आणि तो थांबला तेव्हा बेडकांनी सुरुवात केली. दमट हवेने कातडी सैल पडली होती आणि थाप पडली की ओल्या कपड्यासारखा आवाज येत होता. आजोबांनी स्वयंपाकघरातून निखारे आणवले. चौघेजण निखाऱ्यांभोवती उकिडवे बसले, घुमटे उलटी धरून हळूहळू फिरवू लागले आणि मध्ये मध्ये बोटाने एकच टिचकी मारून कान लावू लागले. पहिल्या टिचकीला काही नव्हते. दहाएक मिनिटांनी त्यातून स्वर उमटायला लागला. रात्री एक वाजता पाऊस आणि बेडूक दोन्ही थांबले.

मग लयीचा प्रश्न आला. चित्राशी जुळावे म्हणून वादकांच्या कानात ठरावीक लयीची टिकटिक देण्याची रीत आहे, तिला क्लिक ट्रॅक म्हणतात. आजोबांनी हेडफोन कानाला लावला, चार आवर्तने ऐकली आणि काढून माझ्या हातात दिला. "आरती धांवता, तिका धांवूंक दी," एवढेच ते म्हणाले: आरती धावते, तिला धावू दे. त्यांच्या मंडळाची आरती खरोखरच धावत असे. सुरुवात मिनिटाला ८४ ठोक्यांच्या आसपास आणि शेवट १२६ च्या पुढे. फ्रेमच्या भाषेत सांगायचे तर सुरुवातीचा एक ठोका सतरा फ्रेमचा आणि शेवटचा साडेअकरा फ्रेमचाही नाही. बावीस-बावीस फ्रेमवर कापलेल्या चित्राला हे कुठेच बसणारे नव्हते.

संगीतकाराने तेथेच ठरवले, की क्लिक काढायचा. आम्ही सलग पाच वेळा पूर्ण आरती मुद्रित केली. नंतर त्यातील चौथे वादन निवडून त्याच्या प्रत्येक ठोक्याची जागा त्याने संगणकावर हाताने नोंदली, आणि ती धावती लयच पाया धरून तिच्यावर तंतुवाद्ये लिहिली. एरवी लोकवाद्य वाद्यमेळाच्या मागे धावते. येथे वाद्यमेळाला आरतीच्या मागे धावावे लागले. मडगावहून दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो बोलावले, त्यांनी कागदावरचे स्वर वाचत आजोबांच्या आवाजावर कान ठेवून वाजवले, आणि दुसऱ्याच वेळेस ते जमले.

एकोणीस फ्रेम

तरीही एक अडचण उरली. आरती सर्वांत उंच जाते तो ठोका, आणि धाकटा भाऊ हात जोडतो तो क्षण, यांत एकोणीस फ्रेमचे अंतर होते. संगीत लवकर पोहोचत होते. एक सेकंदही नाही, पण डोळ्याला खटकत होते. संगीत ताणून बसवता आले असते, पण ताणलेल्या वादनातला श्वास बिघडलेला ऐकू येतो. दिग्दर्शक आणि संकलक यांनी आधी नकार दिला, कारण चित्र कायम झाले होते आणि संवाद व इतर ध्वनींचे काम त्याच लांबीवर पुढे गेले होते. संगीतकाराने त्यांना दोन्ही प्रकार दाखवले. शेवटी संकलकाने हात जोडण्याआधीच्या एका रिकाम्या अंगणाच्या शॉटमधून एकोणीस फ्रेम कमी केल्या आणि त्याच रीळमधला नंतरचा समईवरचा शॉट तेवढ्याच फ्रेम अधिक ठेवला, म्हणजे एकूण लांबी बदलली नाही. संकलकाशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्यायला हवी होती, असे संगीतकार आजही म्हणतो. तोपर्यंत सगळे बोलणे दिग्दर्शकामार्फत होत होते.

करार आणि वाटा

कराराची गोष्ट याच काळात समांतर चालू होती. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या संगीताचा प्रथम मालक, उलट करार नसेल तर, निर्माता असतो असे मानले होते, आणि त्या निकालाची सावली पुढे अनेक वर्षे टिकली. २०१२ मध्ये १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर चित्रपटात वापरलेल्या संगीताच्या रचनाकाराला, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता इतर वापरांवरील रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही, आणि करारात तसे लिहिले तरी ते टिकत नाही. पार्श्वसंगीत हीदेखील संगीतकृतीच आहे, हे मात्र अनेक संगीतकारांनाही ठाऊक नसते. रॉयल्टी म्हणजे गाणी, अशीच समजूत असते. त्याच कायद्यानुसार हक्कांच्या हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता.

पणजीतील एका वकिलांनी मसुदा पाहून दोनच बदल सुचवले: कायद्यातला रॉयल्टीचा वाटा स्पष्ट शब्दांत लिहावा, आणि नामावलीत संगीतकाराचे नाव स्वतंत्र पाटीवर यावे. निर्मात्यांनी पहिला बदल दोन दिवसांत मान्य केला. ते भांडतील म्हणून संगीतकार चार आठवडे विचारायलाच धजला नव्हता.

या वाट्याला अर्थ येण्यासाठी क्यू शीट लागते, म्हणजे प्रत्येक तुकड्याचे नाव, लांबी, वापराचा प्रकार आणि रचनाकार यांचा तक्ता. आमच्या चित्रपटात असे ४१ तुकडे होते. तो तक्ता करून, १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे कृतींची नोंद करायची होती. काम संपल्याच्या आठवड्यात हे तीन तासांचे काम होते. आम्ही ते पुढे ढकलले आणि दीड वर्षाने केले, तेव्हा तुकड्यांची अंतिम लांबी शोधायला मला मिश्रणाच्या जुन्या फाइली उघडून पाच दिवस बसावे लागले.

आरती मंडळाच्या बाबतीत आमची चूक अधिक जिव्हारी लागणारी आहे. आरतीची चाल परंपरेची, तिच्यावर कोणाचा मालकी हक्क नाही. पण त्या रात्रीचे वादन आणि गायन त्या आठ जणांचे होते, आणि कायदा वादक-गायकांनाही कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क देतो, त्यात आपले नाव लावले जाण्याचाही समावेश आहे. संगीतकाराच्या मनात आधी शाल, श्रीफळ आणि जेवण एवढेच होते, आणि त्यात कंजूषपणा नव्हता. गावात असेच करतात. मी एक पानी संमतिपत्र मराठीत लिहिले, ते मोठ्याने वाचून दाखवले, व्हायोलिनवाल्यांना जेवढे दिले तेवढेच पैसे प्रत्येकाला दिले आणि आठ सह्या घेतल्या. आजोबांनी कागद दोनदा वाचायला लावला. पण आठ नावांची यादी निर्मात्यांच्या कार्यालयात पाठवण्याचे काम माझ्याकडे होते, आणि मिश्रणाच्या धावपळीत मी ते चार दिवस उशिरा केले. नामावली तोवर तयार झाली होती. पडद्यावर आले ते "घुमटवादन: ग्रामस्थ".

निष्पत्ती

चित्रपट महाराष्ट्रात आणि गोव्यात दोन आठवडे चालला आणि काही महिन्यांनी ओटीटीवर आला. शेवटच्या प्रसंगाच्या संगीताविषयी लोक बोलले आणि त्यावरून संगीतकाराकडे आणखी दोन चित्रपट आले. पॅकेजमधून वादक, स्टुडिओ आणि फेरकाम यांचा खर्च वजा जाता सात आठवड्यांचे त्याच्या हाती उरलेले पैसे एका जाहिरातीच्या मानधनापेक्षा कमी होते, आणि पहिल्या दहा दिवसांत केलेल्या सहा तुकड्यांपैकी चार पुन्हा करावे लागले. उरलेल्या दोनांत आजही मला टेम्प ट्रॅक ऐकू येतो. संगीतकारालाही येतो. ते बदलायला वेळ नव्हता.

आता तो पॅकेज घेतो तेव्हा वादनखर्चाची फोड सोबत जोडतो, पहिली प्रत संगीताशिवाय मागतो, आणि टेम्प ट्रॅक असलेली प्रत स्वतःची पहिली रेखाटने झाल्यावरच ऐकतो. नव्या दोन चित्रपटांपैकी एका निर्मात्याने ही फोड मान्य केली, दुसऱ्याने नाही, आणि दुसरे काम त्याने तरीही घेतले, कारण घरात गरज होती.

चित्रपट ओटीटीवर आला त्या वर्षी चतुर्थीला संगीतकाराने तो मंडळाला गावातल्या सभामंडपात पडदा बांधून दाखवला. शेवटची पाटी आली तेव्हा आजोबांनी नातवाला विचारले, आमचे नाव कुठे. नातवाने वाचून दाखवले, ग्रामस्थ. ते काही बोलले नाहीत. ओटीटीवरील प्रतीतली पाटी बदलता येते, म्हणून आम्ही आठ नावांसह निर्मात्यांना तीनदा लिहिले आहे. तिसऱ्या पत्राला, पुढील तांत्रिक बदलाच्या वेळी पाहू, असे उत्तर आले. चौथे पत्र मी या आठवड्यात पाठवत आहे, आणि या वेळी सोबत त्या रात्रीच्या आठ सह्यांच्या कागदाची प्रत जोडली आहे.